हेडलाइट मंदावतात? कपॅसिटर हा इलाज नाही

‘गाडीत मोठा ॲम्प्लिफायर बसवल्यावर बासच्या ठोक्यासरशी हेडलाइट मंदावतात? १ फॅरडचा (फॅरड हे साठवणक्षमतेचं एकक) कपॅसिटर लावा, काम झालं,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. कपॅसिटर वीज तयार करत नाही, नुसती साठवतो. १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना त्यातून जेमतेम ३२ ज्यूल मिळतात. १००० वॉट ओढणारा ॲम्प्लिफायर (ॲम्प) ते सेकंदाच्या तिसाव्या भागात गिळून मोकळा.

आधी इंजिन चालू ठेवून, आवाज वाढवून व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १४ आणि ॲम्पच्या टर्मिनलवर १२ व्होल्ट दिसले, तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये (गाडीच्या पत्र्याला केलेल्या जोडणीत). अर्थच्या बोल्टखाली रंग तसाच ठेवलेला असतो (फिटरची घाई!), पत्रा चकाकेपर्यंत खरवडा. बॅटरीवरच व्होल्टेज १२ पर्यंत पडत असेल, तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) अपुरा पडतोय किंवा बिघडलाय.