समुद्राला सफेदा चालत नाही

समुद्राचे मासे पाळणं हा मुळात नळकामाचा छंद आहे. मासे त्यात निमित्तापुरते. हे दुकानात कोणी सांगत नाही. तिथे निळ्या उजेडात प्रवाळ डुलत असतात, क्लाउनफिशची जोडी लाडात आलेली असते, आणि आपल्या घरात समुद्र येणार या कल्पनेनेच माणूस हळवा झालेला असतो. अशा वेळी खालच्या कपाटात काय असतं, हे विचारायचं सुचत नाही. खालच्या कपाटात पाईप असतात.

आमच्या डोंबिवलीला समुद्र नाही, खाडी आहे, आणि तिच्याबद्दल न बोललेलं बरं. म्हणून समुद्र आम्ही हॉलमध्ये ठेवला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे साधारण ३४० लिटर पाणी आणि लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने जवळपास बारा किलो मीठ. तेही वाण्याकडचं चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे सगळं असलेलं खास मीठ बादलीतून येतं, आणि त्याचा भाव आईला अजून सांगितलेला नाही. पाहुणे टाकीसमोर बसतात, "किती शांत वाटतं ना!" म्हणतात आणि मग मूळ मुद्द्यावर येतात, "यातले खायचे कुठले?"

शांत त्यांनाच वाटायचं, कारण ते रात्री राहत नसत.

टाकीच्या कोपऱ्यात एक उभा कप्पा असतो. पाणी त्याच्या काठावरून आत सांडतं आणि पाईपने कपाटातल्या काचेच्या पेटीत उतरतं. या पेटीला सम्प म्हणतात. तिथे स्किमर नावाचं यंत्र पाण्याचा फेस करून घाण वेगळी काढतं, आणि पंप पाणी पुन्हा वर ढकलतो. कागदावर निर्दोष व्यवस्था आहे. पण उतरताना पाणी सोबत हवा ओढून नेतं, आणि हवेला खाली जायचं नसतं. मध्येच ती उलटी फिरते, पाणी अडतं, मग एकदम सुटतं. रात्री दोनला आई बाहेर येऊन विचारायची, "कोण चूळ भरतंय रे इतक्या रात्री?"

आवाज आम्ही सहन केला असता. पण सांध्यांवर मीठ चढू लागलं. एक थेंब बाहेर येतो, सुकतो, मीठ मागे ठेवतो. त्या मिठातून पुढची ओल सरकते, तीही सुकते, आणि पांढरा थर हळूहळू पाईपवरून कपाटावर, कपाटावरून विजेच्या बोर्डाकडे निघतो. त्यातली थोडी ओल खाली गेली. खालच्या काकांच्या छतावर डाग पडला. जून महिना होता, इमारतीतल्या सगळ्याच भिंती ओल्या होत्या, तेव्हा पावसाचा दाखला द्यायला जागा होती. तो दिलाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्टुलावर चढले, डागावर बोट फिरवलं आणि चाटलं.

"खारट आहे," ते म्हणाले.

यापुढे वाद घालायला काही उरत नाही.

सोसायटीचे प्लंबर मूळचे देवगडचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी टाकी बघितली, मासे बघितले, पाण्यात बोट बुडवून त्यांनीही चव घेतली. "समुद्र गावाक ठेवून पोटासाठी हंय इलंय," ते म्हणाले, "आणि तुमी तो घरात हाडलात?" मग कपाटाचं दार उघडून आत टॉर्च मारला आणि दुसऱ्याचं काम बघितल्यावर प्रत्येक प्लंबर म्हणतो ते वाक्य म्हणाले, "कोणी केलंय ओ हे?"

केलं होतं टाकीसोबत आलेल्या फिटिंगवाल्याने. सगळे सांधे सोल्युशन लावून कायमचे चिकटवलेले. पंप धुवायला काढायचा तर पाईप कापायचा, धुवून झाला की नवा तुकडा जोडायचा. दर खेपेला पाईप थोडा आखूड होत गेला होता. मामा मात्र सांधे हलवून बघत कौतुकाने म्हणाले, "काम पक्कं आहे हां."

इथेच आमचं बिनसलं. घरच्या नळकामात चांगलं काम म्हणजे जे पुन्हा बघावं लागत नाही ते. भिंतीत गाडा, वर टाइल मारा, विसरा. समुद्राच्या पाण्यात हे चालत नाही. त्यातला चुना पाईपच्या आत कवच धरतो, पंपाच्या पात्यावर बसतो, गोगलगायी नको तिथे शिरतात. तिथली प्रत्येक वस्तू सुटी करता आली पाहिजे, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवता आली पाहिजे आणि पुन्हा हातानेच बसवता आली पाहिजे. (आम्ही पंप व्हिनेगरमध्ये ठेवतो त्या दिवशी शेजारचा मुलगा "आज चायनीज का?" म्हणून डोकावतो.) म्हणून माझ्या आराखड्यात जागोजाग युनियन होत्या, म्हणजे हाताने फिरवून सुटे करता येणारे सांधे. मामांनी कागद उलटसुलट करून बघितला. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. "एवढ्या युनियन तर गिरणीतपण नव्हत्या," ते म्हणाले.

मग त्यांनी आपल्या पिशवीतून एकेक दागिना बाहेर काढायला सुरुवात केली. गनमेटलचा गेट व्हॉल्व्ह, पितळी निपल, आट्यांवर गुंडाळायला सुतळी आणि तिच्यावर लावायला सफेदा. "हे लाइफटाइम," म्हणाले. मी प्रत्येक वस्तूला नाही म्हणत गेलो. पितळेत तांबं, गनमेटलमध्ये तांबं, सफेद्याचं तर नावच नको. खाऱ्या पाण्यात धातू झिजतो आणि तांब्याचा अगदी बारीकसा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारायला पुरतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं औषध म्हणून देतात, पण ते वेगळ्या टाकीत.

हे ऐकून मामांपेक्षा आई जास्त दुखावली. ती रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिते.

"तांब्याने कोणी मरतं का?"

"अगं, कोळंबी मरते."

मी तिला शास्त्र सांगायला गेलो. कोळंबीच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं, प्राणवायू वाहून न्यायला तिच्याकडे तांबंच असतं.

"मग अंगात आहे तेच पोटात गेलं तर बिघडलं कुठे?"

"आपल्या अंगात लोह आहे म्हणून आपण खिळे खातो का?"

"कढई लोखंडीच वापरते मी," आई म्हणाली आणि आत गेली. मामांनी मान डोलावली. घरात दोन विरुद्ध एक असं मतदान झालं होतं.

हार्डवेअरच्या दुकानात शेठनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बाथरूम का टेरेस?" मी म्हटलं, "मासे." शेठनी पेन खाली ठेवलं. "मच्छी मार्केटचं काम घेतलंय?" त्या दुकानात मला एक गोष्ट कळली, जी शाळेत कधी शिकवली नाही. एक इंच तीन प्रकारचा असतो. गरम पाण्याचा सीपीव्हीसी एक इंच बाहेरून २८.६ मिलिमीटर भरतो. थंड पाण्याचा यूपीव्हीसी एक इंच ३३.४ भरतो. शेतीच्या पाईपचा म्हणून जो एक इंच मिळतो, तो ३२ मिलिमीटरचा. तिघेही स्वतःला एक इंच म्हणवतात, आणि एकाचा एल्बो दुसऱ्याला बसत नाही. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मागितला तेव्हा तर शेठ मनापासून हळहळले. "प्लास्टिकमध्ये बॉल व्हॉल्व्ह घ्या ना. गेट व्हॉल्व्ह पितळी येतो, चांगला येतो." पण बॉल व्हॉल्व्हचा दांडा केसभर हलवला तरी पाणी एकदम कमीजास्त होतं, आणि मला हवा होता चाकी फिरवून थेंबाथेंबाने जुळवता येणारा. शेवटी तो मुंबईहून मागवला. पाईपपेक्षा त्याचं कुरियर महाग पडलं.

एवढ्या बारकाईचं कारण आवाज. पाण्यासोबत हवा जाते म्हणून आवाज होतो, तेव्हा हवाच जाऊ द्यायची नाही. पाईप काठोकाठ पाण्याने भरलेला ठेवायचा, म्हणजे तो वक्रनलिकेच्या जोराने मुकाट पाणी ओढतो. या रचनांना त्या काढणाऱ्या छांदिष्टांची नावं पडली आहेत. आमची जुनी डर्सो पद्धतीची होती, एका पाईपची. बीनॲनिमल नावाच्या पद्धतीला तीन पाईप लागतात, पण आमच्या टाकीला भोकं दोनच, आणि भरल्या टाकीच्या काचेला तिसरं पाडायला मामासुद्धा तयार नव्हते. म्हणून हर्बी. दोन्ही भोकं उतरणाऱ्या पाण्याला द्यायची आणि वर चढणारा पाईप मागच्या बाजूने काठावरून आत सोडायचा. खाली उतरणाऱ्या दोनांतला एक पाईप दिवसरात्र तोंडातून शब्द न काढता राबतो. दुसरा त्याच्याहून थोडा उंच, कोरडा ठणठणीत, नुसता उभा. लग्नघरात हाताची घडी घालून "काही लागलं तर सांगा" म्हणणारा एक नातेवाईक असतो, तोच हा. फरक इतकाच, की पहिला पाईप तुंबला तर हा खरोखर कामाला येतो, आणि आलाय हे घरभर कळेल इतका खळखळतो.

कामाच्या दिवशी समुद्र बाथरूममध्ये हलवला. खडक टबात, कारण पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू त्या खडकांत राहतात आणि त्यांना पाणी आणि हवा दोन्ही लागतं. मासे दुसऱ्या टबात, सोबत हीटर आणि हवेचा पंप. साबणाला प्रवेश बंद. सोल्युशन लावलेले सांधे २४ तास तसेच ठेवायचे होते, त्यामुळे आम्ही सगळे टॉवेल घेऊन शेजारी आंघोळीला गेलो. क्लाउनफिशमध्ये मोठी असते ती मादी, आणि सत्ता तिचीच. सगळे जन्मतात नर. ती गेली तर तिचा नवरा काही काळाने मादी होऊन खुर्चीवर बसतो. टब हलवताना या बाईसाहेबांनी मामांच्या बोटाला कडकडून चावा घेतला. मामा बोटाकडे बघत म्हणाले, "गावाक एवढासा मासा जाळ्यात गावलो तर आमी परत पाण्यात टाकतो."

मामांचा खरा अपमान पुढे होता. वीज गेली की पंप थांबतो, आणि वर चढणारा पाईप उलटा होऊन टाकीचं पाणी खाली ओढू लागतो. आमच्या टाकीत पाणी एक इंच उतरलं की खाली चौदा लिटर येतं. पाईपचं तोंड चार इंच बुडालेलं असेल, तर सम्प भरून बाकीचं पाणी थेट काकांकडे. मामांनी यावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह सुचवला, पण त्याच्या झडपेवर चुना बसला की ती ऐन वेळी मिटत नाही. उपाय साधा आहे. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाईपला एक बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की हवा आत शिरते आणि ओढ तुटते.

"भोक?" मामा म्हणाले. "नव्या पाईपला? मी?"

ड्रिल त्यांनी माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवलं.

पाणी भरलं, व्हॉल्व्हची चाकी फिरवत पातळी जुळवली आणि मुख्य स्विच बंद केला. सम्पमधलं पाणी चढू लागलं. बायको पोछा घेऊन उभी, आई लांबून, खालचे काका दारात, घरचाच पोछा घेऊन. वर भोकातून फुर्र करून हवा गेली आणि पाणी सम्पच्या काठाखाली दोन बोटांवर थांबलं. काकांनी तरीही फरशीवर बोट फिरवून चाखलं. अळणी निघालं.

लवकरच एक टर्बो गोगलगाय राबत्या पाईपात जाऊन बसली आणि उभ्या नातेवाइकाने आरडाओरडा करून घर जागं केलं. तोंडाला जाळी बसवली. ते प्रकरण तिथे संपलं.

पण टाकी गप्प झाली आणि बायकोला बाथरूममधून टप टप ऐकू येऊ लागलं. बेसिनखालचा अँगल कॉक गळत होता, तोही कधीपासून कोण जाणे. मामांना बोलावलं. ते वाकून आत शिरले, पिशवीतून नवाकोरा पितळी कॉक काढला, सुतळीचा गुंडा काढला, सफेद्याची डबी उघडली, आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

"हंय तरी चलतला मां, साहेब?"

मी म्हटलं, "लावा."

मामांनी अर्धी डबी संपवली.