पैठणी उलटी करून बघा

येवल्याला पैठणी घ्यायला नवऱ्याला नेतात ते गाडी चालवायला आणि कार्ड स्वाइप करायला, मत द्यायला नाही, हे मला माहीत होतं तरी 24 हजार आकडा ऐकून तोंडातून निघालंच, ‘वर्थ आहे का?’

माझा हिशोब साधा आहे, किंमत भागिले किती वेळा नेसणार. आयुष्यात बारा वेळा धरली तर नेसणीमागे दोन हजार, म्हटलं एवढ्यात आपण दोघं मस्त जेवून येऊ. बायको म्हणाली, ‘अहो, ते जेवण पुढे लेकीला देता येणारे का?’ संपला भागाकार.

मग तिने पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे विणतानाच हाताने एकमेकांत अडकवत जातात, त्यामुळे पदरावरचा मोर मागूनही जवळजवळ तेवढाच देखणा दिसतो, आणि मशीनवरच्या सेमी पैठणीत मागे धागे लोंबत असतात नाहीतर कापलेले असतात. शेजारी साडेचार हजारांची सेमी पडली होती. समोरून मला दोन्ही सेम दिसत होत्या, पण असलं बोलायचं नसतं.

दुकानदाराने सिल्क मार्कचं लेबल दाखवलं. सोबत बायकोची मावशी होती, ती म्हणाली, ‘हे रेशीम खरं असल्याचं झालं हो, माग हाताचा का मशीनचा ते यात कुठंय? हॅंडलूम मार्क दाखवा.’ तोही निघाला. (ही बाई आमच्या फ्लॅटच्या व्यवहाराला असती तर बरं झालं असतं.)

तरी घासाघीस चालूच, मुनिया काठ नाजूक आहे, रंग गडद आहे, चहा गार आहे. शेवटी मावशीने हुकुमाचं पान टाकलं, ‘आमच्या जाऊबाईंनी अशीच 12 हजारांत घेतली.’

दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘मावशी, मग ती हातमागाची नसणार.’

मावशीचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. पाच मिनिटं तिने त्याच्याकडून हे पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आणि मग म्हणाली, ‘घे गं, 24 काही जास्त नाहीत.’

परतताना गाडीत मला सूचना मिळाल्या. सासूबाईंनी विचारलं तर 15, वहिनीने विचारलं तर 30, आणि जाऊबाईंना मावशी स्वतः फोन करणार आहे.