प्रश्न केवळ वेगाचा नाही
मोबाइल जाळ्यांचा टूजी ते फाइव्हजी (दुसरी ते पाचवी पिढी) हा प्रवास मी वाचलेल्या एका लेखात केवळ वाढत्या वेगाच्या आकड्यांतून मांडला आहे. माझ्या मते खरा बदल जोडणीच्या पद्धतीत झाला. सुरुवातीच्या जीएसएम (टूजीचे एक तंत्रज्ञान) फोनवर इंटरनेटसाठीही संभाषणाप्रमाणेच एक वाहिनी सलग अडवून ठेवावी लागे, तिचा वेग सेकंदाला जेमतेम 9.6 किलोबिट असे आणि उघडलेले पान नुसते वाचत बसले तरी मिनिटांचे शुल्क चढत राही. पुढे टूजीवरच आलेल्या जीपीआरएस या डेटा सेवेने माहितीची लहान पॅकेटे करून त्याच वाहिन्या अनेकांत वाटल्या, त्यामुळे आकारणी वेळेऐवजी माहितीच्या प्रमाणावर होऊ शकली. (आजचे ‘डेटा पॅक’ तिथूनच आले.) फोरजीने तर आवाजासाठीची जुनी सर्किट पद्धतच (प्रत्येक कॉलसाठी सलग अडवलेली वाहिनी) वगळली; म्हणूनच पूर्वीच्या अनेक फोरजी फोनांवर कॉल आला की जोडणी थ्रीजी किंवा टूजीवर उतरत असे. 2016 मध्ये आलेल्या जिओकडे असे मागे उतरायला जुने जाळेच नव्हते, त्यामुळे व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीच्या डेटा जाळ्यावरूनच कॉल, ही जिओची गरज होती. लेखात व्हीओएलटीईला ‘अतिरिक्त सुविधा’ म्हटले आहे, ते पटत नाही. फाइव्हजीतही 2022 मध्ये एअरटेलने फोरजीच्याच गाभ्याचा (जाळे चालवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेचा) आधार घेतला, तर जिओने स्वतंत्र गाभा उभारला, आणि हा फरक वेगाच्या तक्त्यात दिसत नाही.