पंखा बंद करून रोलर चालवू नका : त्या 'सोनेरी नियमां'ना उत्तर

पाऊस लागला की सायकलवाल्यांच्या ग्रुपवर 'घरबसल्या रोलर : सोनेरी नियम' हा मेसेज फिरायला लागतो. या वेळी तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने मला विचारलं, "मामा, रेनकोट जाड घेऊ की पातळ?" म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी रोलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : घरात जागच्या जागी सायकल चालवायचं हे साधन. एका चौकटीत तीन ड्रम असतात, दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या चाकाखाली. मागच्या जोडीतल्या पुढच्या ड्रमवरून एक पट्टा पुढच्या ड्रमला फिरवतो. सायकल कुठेही बांधलेली नसते, तोल आपला आपण सांभाळायचा.

"पंखा बंद, खिडक्या बंद, अंगात रेनकोट. जितका घाम तितकी चरबी वितळते." मेसेजमधला हा सगळ्यात घातक नियम, त्यामुळे आधी तोच घेतो.

पॅडलला जेवढी ताकद पोचते, तिच्या तिप्पट-चौपट उष्णता शरीर तयार करतं. 150 वॉटने चालवणाऱ्या माणसाला 500 वॉटहून जास्त उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. रस्त्यावर हे काम ताशी 25-30 किलोमीटरचा वारा करतो. रोलरवर चाकं तितकीच पळतात, पण माणूस जागच्या जागी असतो आणि वारा शून्य. मग भिस्त उरते घामावर, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. फरशीवर टपटपलेला घाम फुकट गेला. 500 वॉट उष्णता नुसत्या घामाने काढायची, तर तासाला सुमारे पाऊण लिटर घाम वाळावा लागतो. जुलैतल्या मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत, बंद खोलीत, रेनकोटाच्या आत तो वाळणार कुठे? अंगाचं तापमान चढत जातं, दुसरं काही होत नाही.

याने माणसं मेली आहेत. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. पाणी तोडलेलं, खोली तापवलेली, अंगात हवा न खेळणारा सूट आणि व्यायामाला स्टेशनरी सायकल. अमेरिकी सरकारच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने फेब्रुवारी 1998 च्या साप्ताहिक अहवालात ही प्रकरणं तपशीलवार नोंदवली आहेत, आणि तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने, एनसीएएने, असल्या सूटवर बंदी घातली. रेनकोटाचा सल्ला पुढे ढकलणाऱ्यांनी तो अहवाल एकदा वाचावा.

आणि चरबीचं म्हणाल, तर 150 वॉटने तासभर चालवलं की साधारण 600 कॅलरी जळतात. त्या सगळ्या चरबीतूनच आल्या असं धरलं (तशा येत नाहीत) तरी हिशोब 70 ग्रॅमच्या आसपास थांबतो. काट्यावर किलोभर उतरलेलं दिसतं ते पाणी असतं.

तेव्हा खिडकी उघडी ठेवा. किमान 16 इंची स्टँड फॅन समोर चार-पाच फुटांवर, वारा छातीवर येईल असा लावा. छताच्या पंख्याचा वारा वाकलेल्या पाठीवरच पडतो, तेवढ्यावर भागत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने प्या. टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या दांडीवर, टॉवेल टाका, कारण खारट घाम हेडसेटचे (हँडल जिथे फिरतं त्या सांध्याचे) बेअरिंग आणि हँडलवर गुंडाळलेल्या टेपखालचं ॲल्युमिनियमचं हँडल खातो. अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, डोकं हलकं वाटलं की लगेच थांबा. बांधलेल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकलचं मागचं टोक पकडून ठेवणाऱ्या स्टँडवर, चक्कर आली तर माणूस हँडलवर ओणवा होतो, रोलरवर सरळ खाली येतो.

"तोल गेला तर सायकल गोळीसारखी सुटते आणि भिंतीवर आदळते." वेग चाकांना असतो, माणसाला नसतो. ताशी 40 किलोमीटरने फिरणाऱ्या दोन चाकांचे रिम-टायर मिळून दोन किलो धरा, माणूस आणि सायकल मिळून 75 किलो. चाकं जमिनीला टेकल्यावर हा सगळा जोर पुढे ढकलण्यात गेला, तरी ताशी एक किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. माणूस आधीच उतरून पडला तर रिकामी सायकल ताशी सात किलोमीटरपर्यंत सुटू शकते, एवढं मान्य. म्हणून समोर टीव्ही नको.

खरी पडझड बाजूला होते, आणि तिची कारणं ठरलेली असतात. नजर पुढच्या चाकावर खिळलेली असते, हँडल आवळून धरलेलं असतं, किंवा पुढचा ड्रम रोलरच्या चौकटीतल्या चुकीच्या भोकात बसवलेला असतो. पुढच्या चाकाचा ॲक्सल (मधला दांडा) ड्रमच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा एक-दोन सेंटिमीटर मागे हवा. तो ड्रमच्या पुढे गेला तर सायकल चुळबुळते आणि पुढे उतरू पाहते. पट्टाही तपासा : तो निसटला की पुढचं चाक थांबतं, आणि पुढचं चाक थांबलं की तोल संपला. सुरुवात दाराच्या चौकटीत करा, कोपर टेकेल इतक्या अंतरावर, पाय ठेवायला बाजूला बुटका स्टूल. मधला गिअर, मिनिटाला पॅडलचे 80-90 फेरे, नजर सात-आठ फूट पुढे. हळू चालवणं जास्त कठीण जातं.

"नवशिक्याने लहान ड्रमचा रोलर घ्यावा, सोपा जातो." उलटं आहे. लहान ड्रम टायरमध्ये जास्त रुततो, म्हणून जड चालतो आणि पाय थांबले की चाक लगेच मरतं. नवशिक्याला 100 ते 115 मिलिमीटर व्यासाचे ड्रम बरे. टोकांना फुगीर आणि मध्ये खोलगट असतील तर आणखी चांगले, कारण चाक आपोआप मध्याकडे वळतं. स्थानिक वर्कशॉपमध्ये पाइप कापून केलेला रोलर स्वस्त पडतो, पण घेण्याआधी प्रत्येक ड्रम हाताने फिरवा आणि शेजारी पेन्सिलचं टोक धरा. फट कमी-जास्त होत असेल तर तो ड्रम गोल नाही, वेगात सायकल उड्या मारेल.

"टायरची हवा निम्मी करा, पकड मिळते." पकड आधीच पुरेशी असते. निम्म्या हवेत टायर तापतो आणि झिजतो. सरावलेला माणूस जड करण्यासाठी थोडी हवा काढतो, ते वेगळं. खाचांचे एमटीबी (माउंटन बाइक) टायर मात्र नकोतच, सगळं घर घुमतं.

"रोलरवर कार्बन फ्रेम तडकते." मागचा ॲक्सल शिकंज्यात आवळणाऱ्या ट्रेनरबद्दल ही शंका काढली तर समजू शकतो. रोलरवर सायकल मोकळी असते, फ्रेमवर रस्त्याहून जादा ताण येत नाही.

"रोलरने पॅडलिंग सफाईदार होतं." हे मात्र बरोबर. झटके देत पॅडल मारलं की सायकल तिथल्या तिथे डुलते, त्यामुळे पाय गोल फिरवायची सवय लागते. ट्रॅकवरचे सायकलपटू शर्यतीआधी रोलरवर अंग गरम करतात ते उगाच नाही. पण पूर्ण जोराच्या स्प्रिंटसाठी साधा रोलर घेऊ नका, त्याला तेवढा विरोधच नसतो. त्यासाठी बांधलेला ट्रेनर घ्या, आणि त्याच्यासमोरही पंखा लावा.