"वर्ग रिकामा आहे ना, मग टाका केजी" हे एवढं सोपं नाहीये

सरकारी प्राथमिक शाळेला केजी जोडायचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो, मला तो आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय. थोडक्यात म्हणणं असं: शाळेत वर्ग रिकामे पडलेत, लहान मुलांना जागा कमीच लागते, त्यांचे आईवडील मोठ्या भावंडाला सोडायला तसेही येतातच त्यामुळे ट्रॅफिक वाढायचा प्रश्न नाही, अर्धा दिवसच ठेवला तर गर्दी आणखी विभागली जाईल, उरलेल्यांना बस आहे. त्यामुळे मोजमाप, नकाशे, ट्रॅफिकचा अभ्यास हा सगळा वेळकाढूपणा, आधी सुरू करा मग बघू. सोबत शाळेच्या मोकळ्या पार्किंगचा एक फोटो.

आधीच सांगते, मला केजी हवीये. सरकारी शाळेत हवीये, सगळ्यांना मिळेल अशी हवीये. ही काही नवीन कल्पनाही नाही, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात सुझन ब्लो या शिक्षिकेने १८७३ मध्ये सरकारी शाळेत केजीचा वर्ग चालू केला होता, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. माझं भांडण आहे ते "मग बघू"शी, कारण मग बघायची वेळ येते तेव्हा आत पाच वर्षांची मुलं असतात.

पहिला मुद्दा, लहान मुलांना जागा कमी लागते. हे साफ उलटं आहे. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या संस्थांना आतल्या जागेचा नियम आहे, दोन वर्षांखालच्या मुलामागे ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे २.५, आणि तीन ते पाचच्या मुलामागे २.३, म्हणजे मूल जितकं लहान तितकी जागा जास्त. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांच्या नियमात पहिलीपासून पुढच्या साध्या वर्गाला कमीत कमी ९६० चौरस फूट लागतात आणि केजीच्या वर्गाला १३५०, त्यात टॉयलेट, सामानाची जागा, पाण्यारंगाचं काम करायचा कोपरा असं सगळं धरलेलं आहे. कारण उघड आहे, चौथीतलं मूल बराच वेळ बाकावर बसतं, केजीतलं मूल जमिनीवर काम करतं. एकीकडे ठोकळ्यांचा मनोरा अर्धा झालेला असतो, एकीकडे गोष्ट चाललेली असते, एकजण दमून आडवा झालेला असतो, आणि या तिघांच्या मधून बाईंना पटकन चालत जाता आलं पाहिजे. बाकं उचलून बाहेर ठेवली म्हणजे केजीचा वर्ग होत नाही.

दुसरा, वर्ग रिकामे आहेत. कुठल्या मजल्यावर? अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा एनएफपीए १०१ हा सुरक्षेचा कोड सांगतो की केजी आणि पहिलीचे वर्ग, काही अपवाद सोडले तर, थेट बाहेर पडता येईल अशा मजल्यावरच हवेत, म्हणजे साधारणपणे तळमजल्यावर. आग लागली तर पाच वर्षांची बावीस मुलं जिना कशी उतरतील याचा विचार करून पाहा. आणि रिकामे वर्ग बहुतेक वेळा वरच असतात, कारण तळमजल्यावरचे ऑफिस, लायब्ररी, स्टाफरूमनी आधीच धरलेले असतात. "रिकामा" शब्दही जरा तपासून घ्या, कागदावर रिकाम्या दिसणाऱ्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस संगीत असतं आणि दोन दिवस बोलायला अडखळणाऱ्या मुलांचे तास असतात, ती खोली घेतली की ते तास पॅसेजमध्ये जातात.

टॉयलेटचं तर कुणी बोलतच नाही. माझा मुलगा केजीत होता तेव्हा त्याचा वर्ग असाच घाईत एका जुन्या खोलीत काढला होता, टॉयलेट पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या मुलांचं. त्याला पँटचं बटण काढता यायचं नाही, सीटवर पाय लोंबकळायचे, त्यामुळे तो दिवसभर पाणीच प्यायचा नाही, मला हे दोन महिन्यांनी कळलं, ते पण घरी येऊन रोज घटाघट पाणी का पितोस विचारलं म्हणून. कॅलिफोर्नियाच्या त्याच नियमात केजीचं टॉयलेट वर्गात किंवा केजीच्या भागातच असावं असं लिहिलंय, ते उगाच नाही. पण जुन्या इमारतीत नळाची लाइन आणि ड्रेनेज नव्या भिंतीपर्यंत आणायचं म्हणजे सुट्टीतलं काम आहे, शाळा चालू असताना होत नाही.

आता ट्रॅफिक, जिथे हा मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. भावंडं असतात हे खरंय. पण पाचवीतल्या मुलीला सोडायला किती वेळ लागतो? गाडी थांबली, दार उघडलं, ती उतरली, गेली, अर्ध्या मिनिटात गाडी पुढे. केजीतल्या मुलाला असं सोडता येत नाही. सीटचा बेल्ट त्याच्याने निघत नाही, बाटली सीटखाली गेलेली असते, आई उतरते, वळसा घालून मागे येते, रस्त्याच्या बाजूचं दार उघडते, मागची रांग थांबते. मग हात धरून वर्गाच्या दारापर्यंत, तिथे एक रडारड, मग परत. म्हणजे गाडी तीच असली तरी काल ती रांगेतून पुढे सरकणारी गाडी होती, आज ती पार्क होणारी गाडी आहे.

गणित करून बघा, आकडे मी समजायला धरलेत, तुमच्या शाळेचे तुम्ही घाला. दोन वर्ग, प्रत्येकी बावीस मुलं, म्हणजे ४४. त्यातली २८ गाडीने येतात असं धरू, आणि त्या २८ पैकी १२ जणांची भावंडं आधीपासून शाळेत आहेत. मेसेजवाला म्हणेल फक्त १६ गाड्या वाढल्या. पण पार्किंग २८ गाड्यांना लागणार आहे, सहा-सहा मिनिटं, म्हणजे १६८ मिनिटं. सगळे वीस मिनिटांत येतात, म्हणजे नऊ जागा सलग भरलेल्या, तेही सगळे सारख्या अंतराने आले तर, आणि तसे कोणी येत नाही. त्या नऊ जागा नसतील तर गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, एका गाडीला पुढच्या-मागच्या अंतरासकट सातेक मीटर धरा, दहा गाड्या म्हणजे सत्तर मीटरचा रस्ता अडला, आणि त्या गाड्यांमधून एखादं मूल रस्त्यावर आलं तर ड्रायव्हरला ते दिसतच नाही इतकं बुटकं असतं. येणाऱ्या गाडीचा वेग या वयात नीट कळत नाही, "बघून जा" म्हणून भागत नाही.

चालत येतील म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेत १९६९ मध्ये आठवीपर्यंतची साधारण ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जायची, २००९ पर्यंत ते १३ टक्क्यांवर आलं. चालणं वाढवता येतं, इटलीतल्या बोलझानोने १९८९ मध्येच शाळेच्या वेळेपुरता शाळेसमोरचा रस्ता गाड्यांना बंद करायला सुरुवात केली, पण ते ठरवून केलं तर होतं, आपोआप होत नाही.

अर्धा दिवस ठेवला तर गर्दी विभागते, हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. सकाळची बॅच आणि दुपारची बॅच असेल तर दुपारी एकाच वेळी एक बॅच घरी जाते आणि दुसरी येते, दोन्हीकडच्या गाड्या एकाच गेटवर, आणि तेव्हाच मोठी मुलं मधल्या सुट्टीत मैदानावर. वर मोठं भावंड पूर्ण दिवस असेल तर त्या पालकाची एक फेरी वाढलीच. आणि पुढे कधीतरी केजी पूर्ण दिवसाची झाली (पालक मागतातच, नोकरी असते) की ज्या खोलीत दोन बॅच बसत होत्या तिथे एकच बसणार, म्हणजे खोल्या दुप्पट. ही मागणी येणार हे धरूनच आज खोल्या मोजायला हव्यात.

बसचं लवकर आटपते. बऱ्याच ठिकाणी केजीच्या मुलाला स्टॉपवर घ्यायला मोठं माणूस नसेल तर ड्रायव्हर त्याला उतरवत नाही, परत शाळेत आणतो, आणि ते बरोबरच आहे. पण मग प्रत्येक स्टॉपवरचा वेळ वाढतो, फेरी लांबते, आणि शाळेत त्या मुलाला सांभाळायला कुणीतरी थांबावं लागतं. ते माणूस आज कुणाच्याच हिशोबात नाहीये.

राहिलं "आधी सुरू करा मग बघू". कॅनडातल्या ओंटारिओने चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची केजी आणली ती २०१० ते २०१४ अशी टप्प्याटप्प्याने आणली, सगळ्या शाळांत एका वर्षात नाही. टप्पे ठेवले की कुठल्या शाळेत तळमजला मोकळा आहे तिथून सुरुवात करता येते आणि बाकीकडे बांधकामाला वेळ मिळतो. घाईत केलं की मैदानावर पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या येतात, खेळायची जागा जाते, पार्किंग जातं, आणि टॉयलेट आणखी लांब पडतं.

आणि त्या मेसेजमधला पार्किंगचा फोटो. सावल्या बघा, भर दुपारचा आहे, सगळे वर्गात असतानाचा. त्याच जागी उभं राहून शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी एक फोटो काढा, पाऊस असेल अशा दिवशी, आणि केजीवरच्या शाळेच्या मीटिंगला तो घेऊन या.