कुंद्याच्या बॉक्समधलं इंग्लिश

आमच्या लेकीला आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागणारी इंग्लिशची परीक्षा, द्यायचीय आणि शिक्षा मला झालीय. क्लासमध्ये सांगितलं व्होकॅब्युलरी अ‍ॅडव्हान्स्ड पाहिजे, झालं, कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, रिकामा बॉक्स घेऊन पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि त्यात शब्दांच्या चिठ्ठ्या. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, विसरलेला परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा पंधरवड्यातनं एकदा. विचारणार कोण तर बाबा!

ह्याच्यामागं म्हणे सायन्स आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करून आपण किती लवकर विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. बरं, त्याला ऐन पाठांतरात "नळाला पाणी आलंय, बॅरल लाव" म्हणून कुणी हाक मारत नसणार.

आणि आमच्या बेळगावात डोक्यात आधीच गर्दी ओ. घरात मराठी, बसचा बोर्ड कन्नड, ऑफिसात हिंदी-इंग्लिश मिक्स, गणपत गल्लीतली भाजीवाली मावशी तर एका वाक्यात तीन भाषांत भाव सांगून मोकळी. तिथं पर्स्पिकेशसला, म्हणजे साध्या चाणाक्षला, जागा कुठनं काढायची, आणि वापरायचा कुणावर?

परवा टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो तर तिथंही सुटका नाही, मी स्कूटरवरनं ओरडतोय "युबिक्विटस!", ती मागनं उत्तर देतीय, शेजारचा रिक्षावाला कान देऊन ऐकतोय. शेवटी न राहवून म्हणाला, "त्यापेक्षा कन्नड शिकवा की ओ, इथंच नोकरी लागंल."

खरं म्हणजे स्पीकिंगमध्ये शब्दांना चौथा हिस्साच मार्क, बाकी ओघ, व्याकरण, उच्चार. पण हे क्लासवाल्यानं सांगितलं तर खरं, बापानं सांगितलं तर आळस.

काल प्रॅक्टिस घेतली. विषय, तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती. एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. लेक दुसऱ्याच वाक्याला मोठा शब्द शोधत अडकली. आई लसूण सोलत बसलेली, म्हणाली काय विचारलास रे? सांगितलं. तिनं विचाराचं मिनिट घेतलंच नाही, खानापूरच्या आत्यापासनं जी सुटली ती नंदगडची जत्रा, आत्याची सासू, सासूची म्हैस... अख्खी स्पीकिंग टेस्ट अकरा ते चौदा मिनिटांची असते, तेवढ्यात आमची म्हैस अजून व्यायची होती.

"बाबा, दोन मिनिटं झाली की एक्झामिनर थांबवतो," लेक कुजबुजली.

म्हटलं, "थांबव की मग. तू थांबव."