नाव न सांगितलेल्या भागीदाराचं नाव कसं ओळखावं

तुमच्याकडे एखाद्या छोट्या अमेरिकन फोटॉनिक्स कंपनीचे शेअर असतील, तर ती नेमकं काय बनवते हे समजून घेण्यात वेळ घालवू नका. विजेऐवजी प्रकाशानं माहिती वाहणारी चिप, डेटा सेंटर, एआय. एवढं पुरे. अभ्यासाचा खरा विषय वेगळाच आहे. 'एका आघाडीच्या फाउंड्रीबरोबर आमचं काम सुरू आहे,' असं कंपनीनं म्हटलंय, पण कोणती फाउंड्री (म्हणजे दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारा कारखाना) ते म्हटलेलं नाही. म्हणजे तुमच्या संध्याकाळची सोय झाली.

पहिलं सूत्र : नाव सांगत नाहीत, याचा अर्थ नाव मोठं आहे. किरकोळ असतं तर केव्हाच सांगून मोकळे झाले असते. मौनं सर्वार्थसाधनम् हे वचन बहुधा गोपनीयतेच्या करारांसाठीच लिहिलेलं असावं. सीईओ 'यावर बोलता येणार नाही' म्हणाला, तर तो होकार. हसला, तरी होकार. प्रश्न टाळून पुढच्याकडे वळला, तर पक्का होकार. आणि चक्क 'नाही' म्हणाला, तर करारानं तोंड बांधलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

मग एसईसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे, कंपनीनं दाखल केलेली कागदपत्रं उघडा. करारांच्या प्रतींमध्ये काही मजकूर गाळून त्या जागी चौकटी कंसात तीन तारे टाकलेले दिसतील. महत्त्वाचा नसलेला, पण कंपनी गोपनीय मानते असा तपशील झाकायला २०१९ पासून आधी परवानगीही घ्यावी लागत नाही. तुम्ही 'महत्त्वाचा नसलेला' हे शब्द सोडून द्या आणि ताऱ्यांवर लक्ष ठेवा. तीन तारे म्हणजे तीन अक्षरी फाउंड्री! नाव असो, किंमत असो, तारीख असो, तारे तीनच असतात, असं कुणी म्हणेल. त्याला ब्लॉक करा.

नियम सांगतो की नेहमीच्या व्यवहारापलीकडचा मोठा करार झाला, तर ४ कामकाजी दिवसांत ८-के नावाचं निवेदन दाखल करावं लागतं. तसं काही दाखल झालेलं नाही. घाबरू नका. म्हणजे असा करार ही आता कंपनीची नेहमीची गोष्ट झाली आहे! (हे वाक्य लिहून ठेवा. शेअर पडतो त्या दिवशी फार उपयोगी येतं.)

आता उमेदवार. तैवानची टीएसएमसी, न्यूयॉर्क राज्यात माल्टा इथं फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, असलेली ग्लोबलफाउंड्रीज, इस्रायलची टॉवर. तिघींपैकी कोणतीही धरा, पुरावे मिळतातच. सुतावरून स्वर्ग गाठायचा, तर सूत भरपूर पडलेलं असतं. कंपनीचा एखादा इंजिनिअर पूर्वी तिथं नोकरीला होता, दोघांची माणसं एकाच परिषदेत बोलली, सादरीकरणातल्या वेफरच्या (ज्या चकतीवर चिप बनतात तिच्या) फोटोचा रंग ओळखीचा वाटला. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियानं सिलिकॉन फोटॉनिक्सवर चालणारे, डेटा सेंटरमधली यंत्रं जोडणारे स्विच जाहीर केले, तेव्हा भागीदारांची यादीही दिली : टीएसएमसी, कोहेरंट, कॉर्निंग, फॉक्सकॉन, लुमेंटम आणि आणखी काही. तुमची कंपनी त्या यादीत नाही. इतकी काळजीपूर्वक लपवलेली कंपनी दुसरी कोणती असणार!

एक धोका मात्र टाळायला हवा : फाउंड्रीचं काम कसं चालतं याची माहिती. अनेकांची डिझाइन्स एकाच वेफरवर बसवून खर्च वाटून घेणाऱ्या फेऱ्या निघतात, त्यांना शटल म्हणतात. बेल्जियममध्ये लुव्हेनला असलेल्या आयमेक या चिप-संशोधन संस्थेच्या अशा फेऱ्यांमध्ये विद्यापीठांचे संशोधकही पैसे भरून आपली चिप करून घेतात. त्यामुळे 'आमच्या चिप्स आघाडीच्या फाउंड्रीतून आल्या' हे वाक्य एखादा पीएचडीचा विद्यार्थीही खोटं न बोलता म्हणू शकतो. नवा पदार्थ वापरायचा असेल, तर गोष्ट आणखी लांबते. आपली महागडी यंत्रं त्यानं दूषित होणार नाहीत, याची फॅबला खात्री हवी असते. मग ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत चिप आठवडेच्या आठवडे तग धरते का, ते बघतात. हे सगळं कळलं तर झोप शांत लागेल, पण उत्साह मावळेल. तेव्हा हा परिच्छेद विसरा.

एखादा म्हातारा गुंतवणूकदार जेडीएस युनिफेज या प्रकाशतंतूंच्या जाळ्यांसाठी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची आठवण काढेल. २००१ च्या आर्थिक वर्षात तिनं सुमारे ५६ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला होता. त्याला शांतपणे सांगा : तिची गिऱ्हाइकं सगळ्यांना ठाऊक होती, लुसेंट, नॉर्टेल वगैरे टेलिकॉम यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या. तिथंच चुकलं. आपल्या गिऱ्हाइकाचं नावच कुणाला माहीत नाही, मग ते बुडणार कसं?

कधीतरी नाव जाहीर होईलच. ते तुमच्या तिघींपैकी नसेल, आणि शेअर त्याच दिवशी घसरेल. निवेदन पुन्हा वाचा. त्यात 'भागीदारांपैकी एक' असं लिहिलेलं सापडेल. बाकीचे कोण?

आणि हो, भागधारकांच्या वार्षिक सभेची मतपत्रिका आली असेल. अधिकृत शेअरची संख्या वाढवायचा ठराव आहे, म्हणजे कंपनीला आणखी शेअर छापून विकता येतील आणि तुमचा वाटा तेवढा आक्रसेल. 'मंजूर'वर खूण करा. एवढा मोठा भागीदार हिस्सा घ्यायला आला, तर त्याला द्यायला शेअर नकोत का?